तिसऱ्या हौदाचं पाणी

परिषदेत कसं वागायचं असतं, हे मोहोळकर साहेबांनी मानसिंगला महिनाभर शिकवलं.

"कागद हातात असू द्या, पण वाचू नका. डोळे तिसऱ्या रांगेवर ठेवा. पहिल्या रांगेत मोठी माणसं असतात, त्यांच्याकडं बघाल तर बोबडी वळेल. आकडे दहा सांगू नका. एकच सांगा, पण तीनदा सांगा. घरी जाताना माणसाच्या डोक्यात एकच आकडा राहतो. आणि चहाच्या वेळी आपल्या माणसांत उभं राहायचं नाही. आपली माणसं काय, रोजच भेटतात."

मानसिंग हे सगळं वहीत टिपून घ्यायचा. साहेब बंगळूर, नागपूर, लाहोर अशा कुठल्या कुठल्या परिषदा पाहून आलेले. कुणाला कसं गाठावं, कुणाला कोणता प्रश्न विचारला म्हणजे त्याला आपलं नाव लक्षात राहतं, हे त्यांना बरोबर ठाऊक. मानसिंग वाघमोडे मात्र माळशिरसकडच्या मेंढपाळाच्या घरातला. बाप रावजी अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होता. पोरगा पुण्याला शेतकी कॉलेजात शिकून पदवी घेऊन आला, पण चार वर्षांत वर्गात एकदाही त्यानं आपण होऊन तोंड उघडलं नव्हतं.

सोलापूरच्या बाहेर, बाळे गावाच्या पलीकडं, कोरडवाहू शेती मंडळाचा फार्म होता. शहरातल्या एका गिरणीवाल्या शेटजींच्या देणगीवर तो चालायचा. मोहोळकर साहेब तिथले मुख्य आणि मानसिंग त्यांचा मदतनीस. उताराच्या जमिनीचे चार सारखे तुकडे पाडलेले होते. पहिला तुकडा मोकळा. दुसऱ्यात आडवे गवताचे पट्टे. तिसऱ्याला हातभर उंचीचा साधा मातीचा बांध. चौथ्याला छातीएवढा बांध आणि पाणी निघून जायला दगडी सांडवा. प्रत्येक तुकड्याच्या तळाशी एक दगडी हौद. पाऊस झाला की वाहून आलेलं पाणी त्या त्या हौदात साठायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी घालून ते मोजायचं, वहीत मांडायचं, आणि मोरी उघडून हौद रिकामा करायचा.

तीन पावसाळे मानसिंगनं हे काम केलं होतं. मोकळ्या तुकड्यातून शंभरातले तीस भाग पाणी वाहून जात होतं. गवताच्या पट्ट्यांतून अठरा. मोठ्या बांधाच्या तुकड्यातून तीन भाग. आणि हातभर बांधाच्या तुकड्यातून फक्त चार! म्हणजे दगड नको, गवंडी नको. घरच्या माणसांनी पाटी-फावडं घेऊन घातलेला बुटका बांध मोठ्या बांधाच्या तोडीचं काम करत होता. साहेबांनी तो आकडा पाहिला तेव्हा खुर्चीतून उठून त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

एकोणीसशे चौतीसच्या नाताळच्या सुट्टीत कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्यांची परिषद सोलापुरात भरायची ठरली. लांबलांबून दीडशे माणसं येणार. पहिल्या दिवशी मानसिंगचं वीस मिनिटांचं भाषण आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी फार्म बघायचा. भाषण इंग्रजीत. मानसिंग घरी बायकोपुढं उभा राहून ते पाठ म्हणायचा. रंभाबाईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ती ज्वारी निवडता निवडता ऐकायची.

"तुमी ते फोर फोर म्हनता न्हवं," ती एकदा म्हणाली, "तितं तिसऱ्यांदा आवाज बसतोय तुमचा."

त्यानं तिथं आवाज चढवायची सवय केली.

परिषदेच्या आदल्या दिवशी साहेबांनी सांगितलं, पाहुण्यांना मोजमाप कसं करतो ते दिसलं पाहिजे, चारही हौद भरून ठेवा. सकाळपासून मोट चालली. दहाच्या सुमाराला चारही हौद काठोकाठ भरले. मानसिंगनं स्वतः पाहिलं. मग तो शहरात सभागृहाची व्यवस्था बघायला गेला, तो दुपार टळल्यावर परत आला.

तिसरा हौद वीतभर उतरला होता.

सिद्धाप्पा हौदाच्या काठावर बसला होता. अक्कलकोटकडचा हा म्हातारा गडी फार्म सुरू झाल्यापासून तिथं होता. बांधांची डागडुजी, हौदांची साफसफाई सगळी त्याच्याकडं.

"सिद्धाप्पा, ह्याच्यात पाणी कमी टाकलंत का?"

"कमी कुटं? तुमीच बगितलं की सकाळी."

मानसिंग हौदात उतरला आणि चाचपू लागला. हौदाच्या आतल्या कोपऱ्यात, तळाच्या जरा वर, बोट जाईल एवढी भेग होती. शेवाळाखाली ती दिसत नव्हती, पण हात लावल्यावर आत पाणी ओढलं जातंय हे बोटाला कळत होतं. बाकीचे तीन हौद जसेच्या तसे भरलेले होते.

"म्या सांगितलं व्हतं, साहेब," सिद्धाप्पा खाली बघत म्हणाला. "गेल्या साली. हस्ताचा मोठा पाऊस झाला तवा. रातीला बांधावरनं पानी धो धो आलं हौदात, आनि सकाळी बगतो तर टाचभर. ह्यो हौद पानी खातोय, म्हनलं तुमास्नी. तुमी म्हनलात, बांधानं पानी अडवलं म्हनून आलं न्हाय."

मानसिंगला ते आठवलं. घाईत होता तो त्या दिवशी. वहीत आकडा लिहिता लिहिताच त्यानं म्हाताऱ्याला उत्तर दिलं होतं, मान वर न करता.

"आणि बांध? पाणी वरून गेलं तर बांध फुटला असेल ना?"

"फुटायचा की दर साली दोन तीन जागी. म्या पाटीभर माती टाकून नीट करायचो. तेच तर काम हाय माजं."

मानसिंग तसाच साहेबांच्या खोलीकडं गेला. साहेब पाहुण्यांच्या बसण्याची यादी करत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला.

"भेग कधी पडली हे तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. पण सिद्धाप्पा म्हणतो, गेल्या साली…"

"उद्या दीडशे माणसांपुढं उभं राहून तुम्ही असं सांगणार? सिद्धाप्पा म्हणतो?" साहेबांचा आवाज मऊ झाला. "मानसिंगराव, बसा. कदाचित ह्या पावसाळ्यानंतरच तडा गेला असेल. कदाचित नसेल. मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. शंका घरात सोडवायची असते. परिषदेत निष्कर्ष मांडायचा. शेटजी उद्या पहिल्या रांगेत बसणार आहेत. देणगी पुढं चालू ठेवायची की नाही ते ह्या महिन्यात ठरतंय. परिषद पार पडू द्या. मग हौद नीट तपासा. चूक निघाली तर छापील अहवालात दुरुस्ती टाकू. कोण अडवतंय?"

हे बोलणं खोटं नव्हतं. मानसिंग परत हौदाकडं गेला. संध्याकाळी सिद्धाप्पानं हौद रिकामा करून, चुना कालवून भेग बुजवली आणि हौद पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी भाषण असं झालं की मानसिंगचा स्वतःचाच विश्वास बसेना. डोळे तिसऱ्या रांगेवर. एकच आकडा, तीनदा. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी तो आपल्या माणसांत उभा राहिला नाही. पुण्याच्या एका अधिकाऱ्यानं त्याला नाव विचारलं. शेटजींनी लांबून मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच माणसं आपण होऊन त्याच्याकडं येत होती.

त्यांतच शिवयोगी आला. विजापूरकडच्या इंडी तालुक्यातला, गावागावांत फिरून शेतकऱ्यांना नवी रीत शिकवणारा साधा शेतकी कामगार. कोट कुणाचा तरी मागून आणलेला दिसत होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. पुण्यात शिकल्यामुळं मराठी चांगलं बोलायचा. त्याला परिषदेला कुणी पाठवलं नव्हतं. स्वतःच्या खर्चानं येऊन धर्मशाळेत उतरला होता. एकही भाषण त्यानं चुकवलं नाही. प्रत्येकाला काहीतरी विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन्सिल वहीवर टेकवून उभा राहायचा. साहेबांनी महिनाभर जे शिकवलं ते ह्या माणसाला कुणी न शिकवता येत होतं.

फार्म बघायच्या दिवशी बाकीची मंडळी सावलीत उसाचा रस पीत होती, तेव्हा शिवयोगी तिसऱ्या तुकड्यात गुडघ्यावर बसून वितीनं बांध मोजत होता. मग तो हौदाशी आला.

"वाघमोडे साहेब, एक विचारू? राग मानू नका. हौद पाझरत नाही ना? आमच्या फार्मावर एक होता, त्याचा चुना नीट बसला नव्हता. माझे वर्षभराचे आकडे फुकट गेले."

सिद्धाप्पा दहा पावलांवर उभा होता. त्यानं मान वळवली. साहेब शेटजींना चौथा तुकडा दाखवत होते.

"नाही," मानसिंग म्हणाला. "पाझरत नाही."

शिवयोगीनं ते लिहून घेतलं. मानसिंगला पेन्सिलीचा आवाज ऐकू आला.

"फार चांगलं झालं," शिवयोगी म्हणाला. "आमच्या लोकांना दगडी सांडवा कुठला जमायला! हे जमेल."

जानेवारीत मानसिंगनं नवा चुना खरवडून काढला, हौद भरला आणि दिवसभर तासातासानं मोजला. मग तीन वर्षांची वही घेऊन बसला. चाराचा आकडा चार नव्हता. वीसच्या खाली तर तो कुठल्याच हिशेबानं येत नव्हता. दर मोठ्या पावसाला पाणी बुटक्या बांधावरून उड्या मारून गेलं होतं, आणि भेगेतून जमिनीत नाहीसं झालं होतं. त्यानं सगळं दोन पानांवर मांडून साहेबांना दिलं. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

मार्चमध्ये छापील अहवाल आला, त्यात चारच होता.

"तोवर छपाई होऊन गेली होती," साहेब म्हणाले. "पुढच्या अहवालात बघू." त्याच आठवड्यात मंडळानं मानसिंगला उपमुख्य केलं.

शिवयोगीची पत्रं येत होती. इंडीजवळच्या एका गावात अकरा घरांनी उतारावर बुटके बांध घालायला घेतले होते. सगळ्यात आधी तयार झाली ती काशम्मा नावाची विधवा बाई. तिचं बघून बाकीचे आले. बांधाची माती कुठल्या बाजूनं उचलावी, असं शिवयोगीनं विचारलं होतं. मानसिंगनं उत्तर लिहिलं. माती वरच्या बाजूनं उचलावी, चांगली धुमसून घट्ट करावी. एवढंच. त्याखाली हौदाच्या भेगेबद्दल आणखी चार ओळी त्यानं लिहिल्या होत्या. तो कागद त्यानं फाडला आणि पहिला मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवून काढला. अजून वेळ आहे, पाऊस लांब आहे, असं त्यानं मनाशी म्हटलं. मे महिन्यातही तो तेच म्हणाला.

दसऱ्यानंतर पत्र आलं.

"आमच्याकडं उत्तरा नक्षत्रात एका रात्री आठ इंच पाऊस झाला," शिवयोगीनं लिहिलं होतं. "सगळ्यात वरचा बांध फुटला. त्याचं पाणी दुसऱ्यावर आलं, तो फुटला. असे चौदा बांध एकामागून एक गेले. बांध नसते तर पाणी पसरून गेलं असतं. बांधांनी ते गोळा करून एकदम सोडलं. अकरापैकी सात शेतांत आता खडक दिसतो. तुमचे आकडे मी पुन्हा पाहिले, ते बरोबर आहेत. तेव्हा बांध घालण्यात माझीच चूक झाली असणार. कुठं चुकलं ते कृपा करून कळवावं. लोक मला विचारतात आणि मला सांगता येत नाही."

रंभाबाईनं त्याला पत्र हातात धरून बसलेलं पाहिलं. "घरचं हाय का? मामंजी बरं हायती न्हवं?"

"घरचं नाही," तो म्हणाला.

चार दिवसांनी त्यानं रजा टाकली, होटगीला गाडी बदलली आणि इंडी रोड स्टेशनवर उतरला. शिवयोगी बैलगाडी घेऊन आला होता. खूप वाळला होता तो. वाटेत सगळा वेळ बांधांचंच बोलत राहिला. धुमस कमी पडली का, माती फार काळी होती का, बांधाची रुंदी वाढवायला हवी होती का.

ते उतारावर पोचले. गुडघाभर काळी माती होती तिथं पिवळसर खडकाचे कातळ उघडे पडले होते. पाण्यानं माणूस उभा मावेल अशी घळ पाडली होती. ज्वारीची काही ताटं मुळांसकट दगडांत अडकून वाळली होती. एक बाई घळीच्या कडेला बसून पाटीत माती भरत होती. खालून माती वर न्यायची, खडकावर टाकायची, पुन्हा खाली यायचं. तीच काशम्मा.

"तुमची चूक नाही," मानसिंग म्हणाला. "माझा हौद पाझरत होता."

शिवयोगीला आधी कळलंच नाही. मग मानसिंगनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भेग, सिद्धाप्पा, खरवडलेला चुना, चाराचे वीस. शिवयोगी ऐकत होता. वाऱ्यानं त्याच्या धोतराचा सोगा उडत होता, पण त्यानं तो सावरला नाही.

"मी हौदापाशी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. परिषदेच्या आदल्या दिवसापासून."

काशम्मानं हाक मारून कानडीत काहीतरी विचारलं. त्यानं तुटक उत्तर दिलं. ती उठली, पदराला हात पुसत आली आणि मानसिंगला तांब्याभर पाणी दिलं. परक्या गावचा साहेब उन्हातून जमीन बघायला आला, एवढंच तिला कळलं होतं. मानसिंग ते पाणी प्यायला. न पिऊन करणार काय?

ती गेल्यावर शिवयोगी म्हणाला, "त्या परिषदेहून मी सहा वह्या भरून आणल्या. तुमच्या भाषणाची एक. बाकीच्या पाच दुसऱ्यांच्या. बियाणं, खतं, पेरणीच्या तारखा. वर्षभर त्यांच्यावर गावं चालवतोय मी. त्यांच्यातलं आता खरं कुठलं धरू?"

मानसिंगनं हातातला रिकामा तांब्या खडकावर ठेवला.

"ह्या लोकांना मी काय सांगू ते मी बघेन," शिवयोगी म्हणाला. "गाडीवान तुम्हाला स्टेशनवर सोडेल." आणि तो वळून उतारावरून खाली गेला. काशम्माची भरलेली पाटी त्यानं उचलून तिच्या डोक्यावर दिली.

सोलापूरला परतल्यावर मानसिंगनं कुणाला न विचारता परिषदेला आलेल्या सगळ्यांची यादी काढली आणि प्रत्येकाला हातानं पत्र लिहिलं: अहवालातला चाराचा आकडा चुकीचा आहे, चूक मला परिषदेआधी ठाऊक होती, बुटके बांध सांडव्याशिवाय घालू नयेत. दीडशे पत्रांना तीन आठवडे लागले. उत्तरं सहा आली. त्यांतल्या एकानं बुटक्या बांधाचा नकाशा मागवला होता.

एक पत्र मात्र शेटजींच्या कानावर गेलं. मोहोळकर साहेब ओरडले नाहीत. "तुम्ही खरं तेच लिहिलंत," ते म्हणाले. "पण मला सांगून लिहिलं असतंत तर कदाचित हा फार्म वाचवता आला असता. आता नाही." पुढच्या मार्चअखेर देणगी थांबली आणि फार्म बंद झाला. साहेब पुण्याला लेकाकडं गेले. मानसिंगला माळशिरसच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली.

सिद्धाप्पाला अक्कलकोटला लेकीच्या घरी जायचं होतं. निघताना त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, आणि मानसिंगनं त्याची माफी मागितली तेव्हा त्यानं नकारार्थी हात हलवला.

"तुमी लिवलं ते बरं केलं, साहेब. पन लई उशीर केला की."

त्यानंतर दीड वर्षानं माळशिरसच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. अक्षर शिवयोगीचं होतं. नमस्कार नव्हता, खुशाली नव्हती.

"काशम्माच्या शेतात गवताचे पट्टे लावून पाहावेत म्हणतो. तुमच्या दुसऱ्या तुकड्याचा आकडा अठरा होता. तो हौद भरून तपासला होता का? नसेल तर तपासून कळवा."

मानसिंगनं तो हौद कधी तपासला नव्हता. परिषदेआधी एक दिवस तो भरलेला पाहिला होता, तेवढाच. त्या एका दिवसावरून मागच्या तीन पावसाळ्यांचं काही सांगता येत नव्हतं, हे आता त्याला कळत होतं. रविवारी तो सोलापूरची मोटार धरून बाळ्याला उतरला आणि चालत माळावर गेला. चारी तुकड्यांत कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. हौदांचे घडीव दगड लिलावात गेले होते. जागेवर चार खड्डे राहिले होते, बाभळीच्या काट्यांनी भरलेले. कुठला पहिला आणि कुठला दुसरा, हे ओळखायलाही त्याला वेळ लागला.

परत आल्यावर त्यानं एक कोरं कार्ड घेतलं. लिहायला फार वेळ लागला नाही.

"दुसरा हौद मी तपासला नव्हता. आता तपासता येणार नाही, तो राहिलेला नाही. अठराचा आकडा वापरू नका."

खाली सही केली. सोमवारी सकाळी त्यानं कार्ड पेटीत टाकलं आणि कचेरीत जाऊन आपल्या जागेवर बसला.